कोकणात तंबू लावायचा म्हणजे

आमच्या आत्येला तंबू हा प्रकारच पटत नाही. मालवणजवळच्या आचऱ्याच्या घरी खळ्यात मी तंबू झटकून वाळत घातला की ती पडवीतून विचारणार, "घरात इतकी जागा आसा, नि तू भायर कित्याक निजतस?" तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे आजवर सापडलेलं नाही. खरं उत्तर वाटेत आहे. पुण्याहून घाट उतरून थेट आचऱ्याला जाण्याऐवजी आम्ही वर कुठेतरी किनारा गाठतो आणि तिथून खाली सरकत येतो. दिघीची फेरी, बाणकोटच्या खाडीची फेरी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. एखादी फेरीबोट हुकली की त्या दिवसाचा हिशोब कोलमडतो आणि पलीकडे आगाऊ पैसे भरून ठेवलेली खोली वाया जाते. डिकीत तंबू असला की जिथे संध्याकाळ होईल तिथे कोणाच्या तरी वाडीत विचारायचं, दोन पैसे द्यायचे, न्हाणीघर वापरू द्या म्हणायचं आणि पथारी टाकायची.

असा तंबू घ्यायला दुकानात गेलं की लोक दोन गोष्टी विचारतात. पटकन लागतो का, आणि पाणी आत येतं का. प्रश्न चुकीचे नाहीत, पण कोकणाला पुरत नाहीत. तंबू किती सेकंदांत उभा राहतो याने मला आता काही वाटत नाही. पहाटे पाऊस आला, वारा फिरला, तर तो अंधारात ओल्या हातांनी उतरवून गाडीत कोंबता येतो का, ते मी बघतो. आणि पाण्याचं म्हणाल तर कोकणात ते वरून येतं तितकंच खालून आणि आतूनही येतं.

उघडताच फुलणारे तंबू आधी घेऊ, कारण भुरळ त्यांचीच पडते. डेकॅथलॉनच्या 'टू सेकंड्स'मुळे हा प्रकार आपल्याकडेही ओळखीचा झाला. पट्टे सोडायचे, हवेत भिरकावायचा, आत दाबून बसवलेल्या कड्या सुटतात आणि जमिनीवर टेकेपर्यंत तंबू तयार. पोरं टाळ्या पिटतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. ताणाच्या कड्या एकत्र धरून, आठचा आकडा करून पिळायच्या असतात. ज्याला जमतं त्याला अर्ध्या मिनिटात जमतं, न जमणाऱ्याची तंबूशी झोंबाझोंबी बघायला अर्धी वाडी गोळा होते. दोऱ्या ओढून मिटणारे नवे प्रकार पुष्कळ बरे आहेत. पण मिटल्यावर होते ती भलीमोठी तबकडीच. छोट्या गाडीच्या डिकीत ती सपाट बसत नाही, मग मागच्या सीटवर पोरांच्या पायाशी येते आणि वैभववाडीपर्यंत त्यावरून भांडणं.

छत्रीच्या यंत्रणेचे तंबू मला त्यापेक्षा आवडतात. काठ्या कापडाला कायमच्या जोडलेल्या, वरच्या टोकाशी एक सांधा. दोरी ओढली की काठ्या ताठ होतात. लावायला सोपा, आवरायलाही सोपा. घेताना त्या सांध्याकडे नीट बघा. प्लास्टिक पातळ असेल, आतली स्प्रिंग साध्या लोखंडाची असेल, तर खाऱ्या हवेत तिचा गंज ठरलेला. आणि सांधा मोडला की तंबूच बसला. देवगडच्या बाजारात तुम्हाला नांगर मिळेल, जाळं मिळेल, इंजिनाचा सुटा भाग मिळेल. तंबूचा सांधा मिळणार नाही.

म्हणून फिरून फिरून मी साध्या घुमटी तंबूवर येतो. दोन किंवा तीन काठ्या एकमेकींना छेदून जातात, टोकं कोपऱ्यांतल्या कड्यांत बसतात. सवय झाली की दहा-पंधरा मिनिटांचं काम. काठी मोडली तरी वर जोडनळी सरकवून, चिकटपट्टी गुंडाळून रात्र निभते. फायबरग्लासची काठी मोडते तेव्हा उभी चिरफळते आणि तिचं कूस बोटात घुसतं, ॲल्युमिनियमची वाकते. पैसे जास्त टाकायचे असतील तर इथे टाका. वजनासाठी मात्र एक रुपया जास्त देऊ नका. डोंगर चढणाऱ्याला दीड किलोचा तंबू लागतो. आपला तंबू गाडी वाहणार आहे, तो सहा किलोचा असला तरी चालतं.

हवा भरून उभे राहणारे तंबू उत्तम असतात, पण महाग, आणि दुपारच्या उन्हात नळ्यांतली हवा फुगते म्हणून थोडी सोडत बसावं लागतं. गाडीच्या टपावरचे तंबू बघायला फार रुबाबदार. पण टपाला किती भार झेपतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते वाचलं की छोट्या गाडीवाल्याचा रुबाब तिथेच संपतो. शिवाय तंबू न मिटता भाजी आणायला जाता येत नाही.

'किती माणसांचा' हा आकडा मनावर घेऊ नये. बनवणारे माणशी साधारण ६० सेंटिमीटर रुंदी धरतात, म्हणजे लोकलमधली चौथी सीट. दोघं नवराबायको, एक मूल आणि एक पिशवी यांना 'चार माणसांचा' तंबू बेताचा होतो.

आता पाणी. तंबूच्या खोक्यावर २०००, ३००० असे मिलिमीटरमधले आकडे असतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खोक्यावरही तीन हजार लिहिलेलं, म्हणजे वर्षभराचा पाऊस झेलणार, असा हिशोब एका मित्राने केला होता. हे मिलिमीटर वेगळे. कापड ताणून धरतात, त्यावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात, आणि कापडातून तीन जागी थेंब फुटले की तेव्हा स्तंभाची उंची किती होती ती मोजतात. पावसाच्या थेंबाचा दाब तसा काही फार नसतो. छताला १५०० ते २००० पुरतात. खालच्या कापडाचं गणित निराळं. ओल्या जमिनीवर तुम्ही गुडघा टेकता तेव्हा सगळं वजन त्या वाटीएवढ्या जागेवर येतं आणि पाणी वर ढकललं जातं. तळाला म्हणूनच ३००० हून कमी घेऊ नये, ५००० मिळाले तर छान. दुकानदार छताचा आकडा मोठ्याने सांगतो. तळाचा विचारावा लागतो. कुठलाच आकडा छापलेला नसेल तर तो तंबू गच्चीवर पोरांना घर-घर खेळायला घ्यावा.

आणि आकड्याआधी शिवण बघावी. सुई गेली तिथे भोक पडलं, मग कापड कितीही भारी असो. दुकानातच तंबू उलटा करून आतल्या बाजूने शिवणीवरून अंगठा फिरवायचा. चांगल्या तंबूत शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली लागते. नख लावून बघा, कोपऱ्यात, वळणावर, दोन शिवणी मिळतात तिथे ती सुटलेली असते का. तळाचं कापड जमिनीलगतच भिंतीला शिवलेलं नसावं; वीतभर वर चढून मग भिंतीला जोडलेलं असावं, म्हणजे खालून वाहणारं पाणी शिवणीपर्यंत पोचत नाही.

बाहेरचं छत कुठपर्यंत येतं, हे मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. स्वस्त घुमटी तंबूंना वर नुसती टोपी घातलेली असते, भिंतींचा अर्धा भाग उघडा. देशावर, सरळ पडणाऱ्या पावसात, हे चालून जातं. कोकणात पाऊस आडवा येतो. आमच्या घराचं छप्पर भिंत संपल्यावरही हातभर पुढे उतरतं, पश्चिमेच्या बाजूला पडवी काढलेली असते, आणि तरीही पावसाळ्याआधी तिथे झापं बांधावी लागतात. ज्या मुलखात दगडी भिंतीलाही पदर लागतो तिथे कापडाला किती लागेल! बाहेरचं छत चारी बाजूंनी जमिनीपासून चार बोटांवर आलं पाहिजे, आणि आतल्या भिंतीला ते कुठेही चिकटता कामा नये.

पाऊस हंगामातच पडतो असंही राहिलेलं नाही. मे महिन्याच्या अखेरीचे वळीव आपण धरून चालतो. पण फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, क्यार २०१९ च्या ऐन दिवाळीत किनाऱ्यापासून दूर घोंघावत होतं तरी भरतीचं पाणी गावांत शिरलं, तौक्ते मे २०२१ मध्ये गेलं. वादळाचा इशारा असेल तर तंबू घेऊन बाहेर पडायचंच नाही, आणि जून ते सप्टेंबरही नाही. जलरोधक तंबू घ्यायचा तो 'आज आभाळ स्वच्छ आहे' म्हणून झोपल्यावर रात्री दोनला येणाऱ्या सरीसाठी.

पण बहुतेक रात्री सर येतच नाही, आणि तरी सकाळी तंबू ओला असतो. नवा माणूस शिवणी तपासत बसतो. हे पाणी बाहेरून आलेलंच नसतं. जानेवारीत किनाऱ्यावर रात्र निरभ्र असते, कापड उघड्या आभाळाखाली हवेपेक्षा थंड होतं, हवेत बाष्प भरपूर, त्यात आतल्या तीन माणसांचे श्वास. मोहोरावर रोग आणणाऱ्या ज्या दमट हवेचा आंबा बागायतदाराला धाक असतो, तीच हवा इथे छताच्या आतून थेंब धरते. पहाटे विजेरी लावून बघा: छताला बारीक घामोळ्यासारखे ठिपके, मग दोन ठिपके मिळून एक, तो घरंगळत खाली. एकेरी कापडाच्या तंबूत तो उशीवर येतो. दुहेरी तंबूत तो बाहेरच्या कापडाच्या आतून ओघळत जमिनीत जातो आणि आतली जाळीदार भिंत कोरडी राहते. म्हणून दुहेरीच घ्या. छताचा आकडा थोडा कमी चालेल, पण एकेरी तंबू कितीही भारी असला तरी कोकणासाठी नको.

दुहेरी कापडही वारा खेळल्याशिवाय काम करत नाही, आणि वारा कुठून येतो हे आपण शाळेत शिकून विसरतो. दिवसा समुद्राकडून खारा वारा, रात्री जमिनीकडून मतलई वारा. संध्याकाळी तंबू लावताना सगळे दार समुद्राकडे करतात, कारण सूर्यास्त बघायचा असतो. त्या वेळी वाराही तिकडूनच येत असतो, आत छान झुळूक लागते. रात्री दहा-अकरानंतर वारा पडतो, मग मागून सुरू होतो, आणि मागची भिंत बंद. आत कोंडमारा. कोकणात दोन दारांचा किंवा निदान मागे मोठी जाळीची खिडकी असलेला तंबू लागतो. त्या खिडकीवर बाहेरून छज्जा असावा, नाहीतर सरीबरोबर ती बंद करावी लागणार. जाळी बारीक हवी. डास मोठ्या जाळीतूनही अडतात, चिलटं अडत नाहीत.

उन्हाचंही दिशेवरच आहे. सूर्य समुद्रात बुडताना सगळ्यांना दिसतो, पण उगवतो डोंगराकडून, आणि सकाळी आठला तंबूची भट्टी होते ती त्याच बाजूने. पूर्वेला आंब्याचं किंवा फणसाचं झाड येईल असा तंबू लावला की तासभर झोप जास्त मिळते. माडाखाली मात्र कधीच नाही. नारळ पडायला वारा लागत नाही, आणि सुकी झावळ पडली तरी काठ्यांचा चुरा.

जमिनीवर आलं की विकत मिळणाऱ्या सगळ्या सोयी उघड्या पडतात. तंबूबरोबर येणारे तारेचे खुंट पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, लोण्यात घातल्यासारखे जातात आणि तसेच निघतात. वरती सड्यावर, जांभ्याच्या कातळात, ते इंचभरही जात नाहीत. पुळणीसाठीची युक्ती मला तोंडवळीला एका काकांनी दाखवली. त्यांनी खुंटांकडे बघितलंसुद्धा नाही. माडाखाली पडलेली सोडणं, म्हणजे नारळाची वरची तंतुमय सालं, गोळा केली, प्रत्येकाच्या मध्यावर दोरीचा वेढा दिला, कोपरभर खोल खड्डा करून सोडण आडवं ठेवलं, वर वाळू लोटली आणि पायाने दाबली. दोरी खड्ड्यातून सरळ उभी वर नाही, तंबूच्या ओढीच्याच रेषेत तिरपी बाहेर काढली. "आता ओढ," म्हणाले. मी दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही. सोडण नसेल तर कापडी पिशवीत वाळू भरून तीच गाडावी. काम तेच करते.

कातळावर चिरे लागतात. खुंटाच्या जागी दोरीला चिरा बांधायचा, किंवा दोरी लहान काठीला बांधून काठीवर चिरे रचायचे. चिरे उजेड असतानाच गोळा करा. सड्यावर दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं, आणि अंधारात हात घालणारा पाहुणा त्यांना चालत नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाने जाणारे जीव वाचवले, म्हणून आज कोकणात विंचवाचं भय पूर्वीइतकं राहिलेलं नाही. पण तळ शिवलेला असावा आणि चेन कायम लावलेली असावी, हे त्यामुळे बदलत नाही. पादत्राणं आत घ्या, किंवा सकाळी झटकून घाला.

समुद्राच्या किती जवळ लावायचा, यावर आमच्यात नेहमी वाद होतो आणि मी नेहमी मागच्या बाजूला असतो. मच्छीमारांचा हिशोब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, आली ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, दुपारचे आणि थोडं पुढेमागे पहाटेचेही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत लहान. भांगाच्या रात्री जिथे कोरडं होतं तिथेच उधाणाला पाणी फिरतं. पुळणीवर शिंपले, काटक्या, चपला, थर्माकोलचे तुकडे यांची जी ओळ दिसते ती गेल्या भरतीची सही असते, त्या ओळीच्या बरंच वर राहायचं. गाडी तर पुळणीवर घालूच नये. चाकं रुतली की भरती तुमच्यासाठी थांबत नाही, आणि ट्रॅक्टरवाला भाव सांगतो तो ऐकावाच लागतो.

ओळीच्या वर, वाळूच्या उंचवट्यावर, तंबूला अगदी योग्य दिसणारी जागा असते. नोव्हेंबर ते मार्च तीच जागा कासविणीलाही योग्य दिसते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आता अनेक गावं ते करतात. अशा किनाऱ्यांवर तंबू मागे सुरूच्या बनापलीकडे, कोणाच्या तरी वाडीत लावावा आणि समुद्राकडे दिवा ठेवू नये. सुरूच्या बनात झोपायला मऊ वाटतं, पण त्या वाळक्या सुयांवर एक ठिणगी पुरते. चूल, शेगडी तिथून लांब. आणि तंबूच्या आत तर कसलाही स्टो नाही, पाऊस असला तरी नाही. बंद कापडात विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो.

स्वस्त घुमटी तंबूंची एक खोड राहिली. त्यांत आतलं कापड आधी लागतं, छत नंतर. ऐन सरीत लावायची वेळ आली तर छत चढेपर्यंत अंथरूण भिजलेलं. छत आणि आतली खोली एकमेकांना जोडलेली, एकदमच उभी राहणारी मिळाली तर तीच घ्यावी. नाहीतर गाडी आहेच. निळी ताडपत्री एका बाजूने टपाच्या रेलला, दुसऱ्या बाजूने दोन झाडांना बांधायची, तिच्याखाली निवांत तंबू लावायचा. डिकीचं दार वर केलं की तिथे चहाची सोय होते, आणि पोरांना बसायला जागा. सकाळी निघताना दोऱ्या सोडल्या का ते दोनदा बघा. तंबूखाली ताडपत्री घालायची तर ती तंबूच्या तळापेक्षा वीतभर लहान घालावी. बाहेर डोकावणारी ताडपत्री छतावरून ओघळलेलं सगळं पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणते.

आवरताना कंपनीने दिलेली खोळ विसरून जा. ती दुकानातल्या कोरड्या, इस्त्रीच्या घडीला पुरेल इतकीच असते. मी गोधडीची जुनी खोळ नेतो. ओला, वाळूने भरलेला तंबू कसाही गुंडाळून तीत कोंबता येतो आणि आचऱ्याला पोचल्यावर खळ्यात पसरता येतो. तिथे गोड्या पाण्याने धुवायचा. चेनवरून जुना दातघासणीचा ब्रश फिरवायचा, कारण वाळू आणि मीठ मिळून चेनचा सरक खातात, आणि चेन गेलेला तंबू शिंपीही हातात घेत नाही. उन्हात कडक वाळवू नये, सावलीत वाऱ्यावर वाळवावा. उन्हाने कापड कुजतं.

पावसाळ्यात तंबू गावच्या माळ्यावर ठेवू नका. जुलैत तिथे चामड्याच्या चपलेलाही पांढरी बुरशी धरते, आणि तंबूच्या आतलं पाणी अडवणारं लेपन ओलीने चिकट होऊन सुटायला लागतं. त्याचा आंबूस वास एकदा आला की धुऊन जात नाही. तंबू घट्ट न बांधता, सैल खोळीत, घाटावरच्या घरात कोरड्या कपाटात ठेवायचा. दिवाळीआधी एकदा गच्चीवर लावून बघायचा, शिवणीच्या पट्ट्या कुठे उचलल्या आहेत ते पाहून तिथे शिवणीचा डिंक लावायचा, आणि जोडनळी, चिकटपट्टी, जादा दोरी खोळीत आहे ना ते तपासायचं. सोडणं तिथे गेल्यावर मिळतात.